कागद आणि शून्य कुठे भेटले?

जुन्नरहून पश्चिमेला तीसेक किलोमीटर गेले की नाणेघाट येतो. पावसाळ्यात इथे झुंबड उडते ती वाऱ्याने उलटा वर उसळणाऱ्या धबधब्यासाठी. घाटाच्या तोंडाशी एक भला मोठा दगडी रांजण आहे. कोकणातून माल घेऊन चढणारे व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकत, असे सांगतात. जवळच कातळात खोदलेले एक लेणे आहे आणि त्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक लांबलचक लेख कोरलेला आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळात झालेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची ती नोंद. इतक्या गाई, इतके घोडे, इतके हत्ती, इतके हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या तिच्यातल्या संख्या. त्या आकड्यांत कोरलेल्या आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या आकड्यांपैकी हे आहेत आणि त्यातल्या काही खुणा नीट पाहिल्या तर आजच्या आकड्यांची पूर्वरूपे त्यात दिसतात.

फक्त दोन गोष्टी तिथे नाहीत. एक म्हणजे शून्य. दुसरी म्हणजे तो हिशेब उतरवून घ्यायला स्वस्त, हलके असे काही. दक्षिणेची यादी टिकली ती डोंगर खोदून लिहिली म्हणून.

आशियातल्या जुन्या साम्राज्यांचे ‘सुवर्णकाळ’ आपण शाळेत शिकतो तेव्हा राजांची नावे, लढाया आणि राज्यांच्या सीमा पाठ करतो. त्या सीमा केव्हाच पुसल्या गेल्या. मग टिकले काय आणि ते कसे टिकले, हे समजून घ्यायचे असेल तर दोनच वस्तूंचा माग काढावा असे मला वाटते: चीनच्या हान साम्राज्यातला कागद आणि भारतात गुप्तकाळाच्या आसपास घडलेली दशमान अंकपद्धती. दोन्ही आपापल्या घरी जन्मल्या, दोन्ही एकमेकींच्या देशात पोचल्या आणि दोन्ही ठिकाणी त्यांना बराच काळ थारा मिळाला नाही. त्यांची खरी गाठ पडली ती तिसऱ्याच मुलखात.

बांबूच्या ओझ्याखालचे राज्य

हान घराण्याने चीनवर इ.स.पू. २०६ पासून इ.स. २२० पर्यंत, मधला थोडा खंड सोडला तर, चारशे वर्षे राज्य केले. इ.स. २ मध्ये या राज्याने खानेसुमारी केली. तिच्यात पावणेसहा ते सहा कोटी माणसांची नोंद झाली. खानेसुमारी घरटी होती आणि त्यावर कर ठरत होता. म्हणजे गावापासून राजधानीपर्यंत लिहिणाऱ्यांची साखळी हवी. मीठ आणि लोखंड यांचा व्यापार सरकारच्या हाती होता, त्याचे हिशेब वेगळे. सरहद्दीवरच्या पहाऱ्याच्या बुरुजांवरून येणारे अहवाल वेगळे. इ.स.पू. १२४ मध्ये सम्राट वू याने राजधानीत अधिकारी घडवण्यासाठी विद्यापीठ काढले. पुढे चीनमध्ये परीक्षा घेऊन अधिकारी निवडण्याची जी पद्धत उभी राहिली, तिची मुळे इथवर जातात.

हे सगळे लिहायचे कशावर? बांबूच्या किंवा लाकडाच्या अरुंद पट्ट्यांवर. एका पट्टीवर वरून खाली एक ओळ मावते. अशा पट्ट्या दोरीने एकमेकींना बांधायच्या आणि चटईसारख्या गुंडाळून ठेवायच्या. ‘ग्रंथाचा खंड’ या अर्थाच्या जुन्या चिनी अक्षराचे चित्रही दोरीत ओवलेल्या पट्ट्यांचेच आहे. याच सम्राट वूच्या दरबारातल्या तुंगफांग श्वो नावाच्या माणसाची एक गोष्ट जुन्या चिनी इतिहासात आहे. त्याने बादशहाला एक अर्ज लिहिला, त्याला तीन हजार पट्ट्या लागल्या. तो उचलायला दोन माणसे लागली आणि वाचून संपवायला बादशहाला दोन महिने. गोष्ट थोडी फुगवलेली असेल, पण ओझे खरे होते. दुसरा पर्याय रेशमाचा. तो हलका, मऊ, लिहायला सुंदर आणि परवडायला अवघड.

इ.स. १०५ मध्ये त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने बादशहापुढे एक नवी वस्तू ठेवली. तो खोजा होता आणि शाही कारखान्यांचा कारभार त्याच्याकडे होता. झाडाची साल, भांगेच्या जातीच्या झाडाचे तंतू, जुन्या चिंध्या आणि मासेमारीची फाटकी जाळी यांपासून त्याने कागद केला, असे हान घराण्याच्या इतिहासात नोंदले आहे. कागदाचा पहिला निर्माता मात्र तो नव्हता. गान्सू प्रांतातल्या एका थडग्यात कागदाचा तुकडा सापडला आहे, त्यावर नकाशाच्या रेघा आहेत आणि तो त्साय लुनच्या जवळजवळ अडीचशे वर्षे आधीचा आहे. त्साय लुनचे काम असे की, कुठेकुठे हाताने होत असलेली एक गोष्ट त्याने सुधारली, तिला स्वस्त कच्चा माल शोधला आणि राज्याच्या कारभाराला जोडून दिली. हेही काम लहान नाही. किंबहुना बहुतेक शोध इथेच अडकून मरतात.

कागद होतो कसा, हे एकदा समजले की त्याचा प्रवास समजायला सोपा जातो. कोणताही वनस्पतीचा तंतू घ्या, भिजवा, उकळा, कुटा. कुटून कुटून त्याचे बारीक धागे सुटे होतात. ते भरपूर पाण्यात सोडा आणि त्या पाण्यातून एक चौकटीची जाळी वर उचला. पाणी खाली गळते, जाळीवर धाग्यांचा पातळ थर राहतो. तो सुकताना धागे एकमेकांत गुंततात आणि घट्ट चिकटतात, वेगळा गोंद लागत नाही. झाला कागद.

आता याची तुलना बाकीच्या साधनांशी करा. इजिप्तचा पपायरस एका विशिष्ट लव्हाळ्याच्या गाभ्याच्या पट्ट्यांचा. ते लव्हाळे जिथे उगवते तिथेच तो होतो. कातड्यावर लिहायचे तर एका मेंढीमागे थोडीच पाने मिळतात. आपल्याकडचे ताडपत्र ताडाच्या मुलखातले आणि भूर्जपत्र हिमालयातल्या भूर्जाच्या सालीचे. कागदाला मात्र ठरावीक झाड लागत नाही, ठरावीक हवा लागत नाही. चिंध्या आणि पाणी जगात सगळीकडे आहे. कृती माहीत असलेला एक कारागीर गाव बदलला की कागद गाव बदलतो. साम्राज्य बुडाले तरी ही वस्तू बुडणार नव्हती.

हान राज्य पुढे शेतकऱ्यांच्या उठावांनी आणि सेनापतींच्या भांडणांनी खिळखिळे झाले. इ.स. १८४ मध्ये पिवळे फेटे बांधलेल्या बंडखोरांचा मोठा उठाव झाला आणि २२० मध्ये शेवटच्या सम्राटाला गादी सोडावी लागली. कागदाचा प्रसार मात्र वाढतच गेला. चौथ्या शतकाच्या सुरुवातीची, सोग्द म्हणजे समरकंदकडच्या व्यापाऱ्यांच्या भाषेतली काही पत्रे तुनह्वांगजवळच्या एका पडक्या बुरुजात १९०७ मध्ये सापडली. ती कागदावर आहेत. त्यातली एक बाई, मिवनाय तिचे नाव, नवऱ्याने परमुलखात टाकून दिल्यावर संतापाने लिहिते की तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची किंवा डुकराची बायको झाले असते तर बरे. बादशहाच्या दप्तरासाठी सुधारलेली वस्तू दोनशे वर्षांत एका टाकलेल्या बाईच्या हाती आली होती. मला हान साम्राज्याचे हे सर्वांत मोठे स्मारक वाटते.

ऐंशी आणि दोन

आता इकडे या. गुप्तांचे राज्य इ.स. ३२० च्या सुमारास उभे राहिले. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळात ते भरभराटीला आले आणि सहाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विरून गेले. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध घरचाच होता. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता विदर्भातल्या वाकाटकांकडे दिली होती. नवरा लवकर गेला, तेव्हा मुले लहान असताना रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, तिने राज्य सांभाळले. तिचा एक ताम्रपट ‘पुणे ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो. अजिंठ्याची सर्वांत देखणी लेणी याच वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळातली. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे दान दिले.

या काळाला ‘सुवर्णयुग’ हे नाव फार नंतरच्या इतिहासकारांनी दिले. त्याच काळात आलेला चिनी भिक्षू फाशियान देशातल्या सुबत्तेचे कौतुक करतो, आणि तोच लिहितो की चांडाळांना गावाबाहेर राहावे लागते आणि गावात शिरताना लाकूड वाजवून आपण येत असल्याची सूचना द्यावी लागते. सोने सगळ्यांच्या वाट्याला आले नव्हते, हे सांगितल्याशिवाय त्या काळाबद्दल बोलणे मला प्रामाणिक वाटत नाही.

आता आकड्यांकडे. विदिशेजवळ उदयगिरीला गुप्तांच्या काळातला एक लेख आहे, गुप्त संवत ८२ चा. त्यात ८२ कसा लिहिला आहे? ऐंशीची एक खूण आणि तिच्यापुढे दोनची एक खूण. नाणेघाटातली रीत हीच. एक ते नऊ यांना नऊ खुणा. दहा, वीस, तीस, अशा नव्वदपर्यंत आणखी नऊ खुणा. शंभराची वेगळी, हजाराची वेगळी. शंभराच्या खुणेला चारची खूण जोडली की चारशे. हे वाचायला ठीक आहे, पण यात बेरीज करून पाहा. ऐंशीच्या खुणेत आठची खूण दिसतच नाही. हातचा घ्यायचा कसा? अशा आकड्यांत उत्तर लिहून ठेवता येते, गणित सोडवता येत नाही.

म्हणजे गुप्तांच्या शिलालेखांवर जुनीच पद्धत चालू होती आणि त्याच काळात, त्याच देशात, ज्योतिषी मात्र दुसऱ्याच पद्धतीने विचार करू लागले होते. त्यांची गरज वेगळी होती. ग्रहांचे गणित फार मोठ्या संख्यांत चालते. आर्यभटाने ४३,२०,००० वर्षांचे युग धरले आणि तेवढ्या काळात चंद्राच्या ५,७७,५३,३३६ फेऱ्या होतात, पृथ्वी स्वतःभोवती १,५८,२२,३७,५०० वेळा फिरते, असे सांगितले. असल्या संख्यांचे भागाकार ऐंशी आणि दोनच्या खुणांनी कसे जमणार?

आर्यभटाने आपला ग्रंथ इ.स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी केला. त्यात एकं, दश, शत, सहस्र असे क्रमाने सांगून तो म्हणतो: ‘स्थानात्स्थानं दशगुणं स्यात्’. एका जागेपेक्षा पुढची जागा दहापट. आपण पहिली-दुसरीत एकं, दहं, शतं म्हणत घोकलेली गोष्ट हीच. कल्पना त्याच्याही आधीची आहे. इ.स. ४५८ च्या एका जैन ग्रंथात संख्या शब्दांनी सांगताना स्थानांचा वापर केलेला आहे.

हिच्यात नवे काय आहे, ते ३३३ कडे पाहिले की कळते. आकडा एकच, तीनदा लिहिलेला, आणि तिन्ही ठिकाणी त्याचा भाव वेगळा. तीनशे, तीस, तीन. आकड्याला भाव देते ती जागा. त्यामुळे नऊ खुणा पुरतात आणि कितीही मोठी संख्या लिहिता येते. अडचण एकच: तीनशे पाच लिहिताना मधली जागा रिकामी आहे. ती सोडून दिली तर पस्तीस वाचले जाईल. म्हणून तिथे टिंब ठेवायचे. ते टिंब म्हणजे शून्य. कंबोडियात सापडलेल्या एका शिलालेखात शके ६०५, म्हणजे इ.स. ६८३, हे वर्ष कोरले आहे आणि सहा व पाच यांच्या मध्ये असे टिंब स्पष्ट दिसते. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या एका छोट्या मंदिरात इ.स. ८७६ च्या लेखात २७० आणि ५० या संख्या आहेत, तिथे शून्य गोल आहे.

रिकाम्या जागेची खूण जगात इतरही काही लोकांनी वापरली होती. बाबिलोनच्या साठमान पद्धतीत ती होती. चिनी लोक हिशेब करायच्या काड्या चौकटीत मांडत, तिथेही जागेला भाव होता आणि शून्याच्या जागी चौकट मोकळी सोडत. भारतातली भर अशी की, नऊ आकडे व शून्य यांनी लिहायची एक सुटसुटीत पद्धत बसली आणि पुढे शून्य स्वतःच एक संख्या झाले. हे दुसरे काम ब्रह्मगुप्ताचे. इ.स. ६२८ मध्ये, राजस्थानातल्या भिल्लमाल म्हणजे आजच्या भीनमाळमध्ये, त्याने शून्य मिळवले तर काय, वजा केले तर काय, गुणले तर काय, याचे नियम दिले. धन संख्येला तो धन म्हणतो आणि वजा संख्येला ऋण, आणि आपण आजही शाळेत तेच शब्द वापरतो. शून्याला शून्याने भागले तर शून्य, हे त्याचे विधान मात्र चुकले. पण प्रश्न विचारला गेला, हे महत्त्वाचे. गुप्त साम्राज्य तोवर संपून दोन-तीन पिढ्या झाल्या होत्या. साम्राज्याने जमवून दिलेली विद्येची घडी राजांशिवाय चालू राहिली होती.

मराठीत शून्याला ‘पूज्य’ असाही जुना शब्द आहे. हिशेबात काही उरले नाही की पूज्य. रिकाम्या जागेला इतका मानाचा शब्द देणाऱ्या भाषेत आपण हा हिशेब समजून घेत आहोत, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

दोन दारे, दोन्ही बंद

हान आणि गुप्त यांच्यामधला दुवा होता कुषाणांचे राज्य. मथुरेपासून आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खपर्यंत पसरलेल्या या राज्यातून रेशमाचा रस्ता जात होता आणि त्याच रस्त्याने बौद्ध भिक्षू चीनला जात होते. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात लोकक्षेम नावाचा कुषाण मुलखातला भिक्षू हान राजधानी ल्वोयांगमध्ये बसून बौद्ध सूत्रांची चिनीत भाषांतरे करत होता. म्हणजे माणसे, ग्रंथ, कल्पना सगळे येत-जात होते.

भारतीय आकडेही गेले. तांग घराण्याच्या काळात छांगआन राजधानीत गौतम आडनावाचे एक भारतीय वंशाचे ज्योतिषी घराणे होते. त्यातला गौतम सिद्ध सरकारी वेधशाळेचा प्रमुख होता. इ.स. ७१८ मध्ये त्याने नवग्रहांचे भारतीय पंचांगगणित चिनीत आणले आणि त्यात नऊ आकडे व रिकाम्या जागी टिंब ही पद्धत समजावून सांगितली. चिनी गणितज्ञांनी ती वाचली आणि बाजूला ठेवली. त्यांच्या काड्या झपाट्याने चालत होत्या, मग नव्या खुणा कशाला? चिनी गणिताच्या पुस्तकात गोल शून्य दिसते ते त्यानंतर पाचशे वर्षांनी, १२४७ मध्ये.

कागदाची भारतातली गोष्ट काहीशी तशीच. चीनला जाऊन-येऊन असणाऱ्या भिक्षूंना कागद माहीत असणार. पण दक्षिणेत ताडपत्र होते, उत्तरेत भूर्जपत्र, राजाज्ञेला तांबे. सगळे व्यवस्थित चालले होते. कागद इथे खऱ्या अर्थाने रुजला तो सुलतानांच्या काळात, तेराव्या शतकापासून पुढे.

यात कोणाचा मूर्खपणा नाही. ज्याचे काम एका साधनाने नीट चालते तो दुसऱ्या साधनाकडे सहज वळत नाही. नव्या वस्तूला जागा मिळते ती जिथे जुनी वस्तू कमी पडत असते तिथे. आठव्या शतकात अशी एक जागा तयार झाली.

बगदादमधली धूळपाटी

अब्बासी खलिफा अल-मन्सूर याने ७६२ मध्ये तिग्रिस नदीकाठी बगदाद वसवायला घेतले. सिंधपासून उत्तर आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या राज्याची ही राजधानी. हिशेबाचा पसारा हानांइतकाच आणि लिहायला पपायरस किंवा कातडे. कातडे आणि पपायरस यांची आणखी एक खोड होती: त्यावरची शाई खरवडून किंवा धुऊन मजकूर बदलता येत असे. कागद शाई पिऊन घेतो, खाडाखोड लगेच दिसते. दप्तरखान्याला दुसरे काय हवे!

कागद अरबांच्या हाती कसा लागला, याची प्रसिद्ध गोष्ट अशी की, ७५१ मध्ये तलास नदीच्या काठी अरबांनी चिनी सैन्याचा पराभव केला आणि युद्धकैद्यांत सापडलेल्या कारागिरांनी समरकंदला कागद करून दाखवला. ही गोष्ट अकराव्या शतकातल्या एका लेखकाने लिहून ठेवलेली आहे. मिवनायचे पत्र आठवले की लक्षात येते, मध्य आशियातल्या व्यापाऱ्यांना कागद त्याआधी चारशे वर्षे माहीत होता. एका लढाईपेक्षा शेकडो व्यापाऱ्यांच्या पडशांनी तो पसरवला, हेच मला जास्त पटते. आठव्या शतकाच्या अखेरीस तो बगदादच्या दप्तरात आला. त्याला पाठबळ देणाऱ्यांत बर्मकी वजीर होते. हे घराणे बल्खच्या नवविहाराच्या बौद्ध प्रमुखांचे. ‘बर्मक’ हे नावही संस्कृत ‘प्रमुख’ वरून आले, असे अभ्यासक मानतात.

आकडे वेगळ्या वाटेने आले. इ.स. ६६२ मध्येच युफ्रेटिसकाठच्या एका मठातला सेवेरस सेबोख्त नावाचा ख्रिस्ती धर्मगुरू लिहून गेला होता की, ग्रीकांना वाटते सगळी विद्या आपलीच, पण भारतीय लोक नऊ खुणांनी जे गणित करतात त्याची थोरवी शब्दांत सांगता येणार नाही. पुढे अल-मन्सूरच्या दरबारात, ७७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, सिंधकडून आलेल्या मंडळींबरोबर एक भारतीय ज्योतिषी आला आणि सिद्धान्तग्रंथाचे अरबीत भाषांतर झाले. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात अल-ख्वारिझ्मी याने भारतीय पद्धतीच्या हिशेबावर एक पुस्तक लिहिले. त्याचे लॅटिन रूपांतर पुढे युरोपभर गेले आणि त्याच्या नावाचा लॅटिन उच्चार होऊन ‘अल्गोरिदम’ शब्द तयार झाला.

म्हणजे नवव्या शतकात दोन्ही वस्तू एकाच गावात होत्या. तरी त्या एकत्र आल्या नव्हत्या! कारण भारतीय गणित आले ते आपल्या साधनासकट, आणि ते साधन होते धूळपाटी. आपल्याकडे पोरांनी धुळाक्षरे गिरवली ती जिच्यावर, तीच ही. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने आकडे लिहायचे. गुणाकार करताना एक आकडा गुणला की तो पुसून त्याजागी उत्तराचा आकडा, मग खालची संख्या एक घर सरकवायची, पुन्हा पुसायचे. शेवटी पाटीवर उरते ते फक्त उत्तर. वाटेतल्या सगळ्या पायऱ्या गेलेल्या. उत्तर चुकले तर कुठे चुकले ते कळायला मार्ग नाही, सगळे पहिल्यापासून.

इ.स. ९५२ मध्ये दमास्कसला अबुल हसन अल-उक्लिदिसी याने भारतीय हिशेबावर एक पुस्तक लिहिले. नावावरून तो युक्लिडच्या ग्रंथाच्या प्रती करून पोट भरत असावा, असे मानतात. म्हणजे कागदाशी रोजचा संबंध असलेला माणूस. तो म्हणतो, धूळपाटी रस्त्यावर बसून भविष्य सांगणाऱ्यांच्या हातात दिसते, ती घेऊन बसायला सभ्य माणसाला संकोच वाटतो. शिवाय हात मळतात, वारा आला की हिशेब उडतो. तेव्हा हेच गणित शाई आणि कागदाने करू या. पण कागदावर पुसता येत नाही. म्हणून त्याने साऱ्या रीती नव्याने मांडल्या: काही न पुसता, प्रत्येक पायरी खाली-खाली लिहीत जायचे. पायऱ्या कागदावर राहिल्या की दुसऱ्याला तपासता येतात.

आपण वहीत जो गुणाकार मांडतो, एकाखाली एक ओळी, शेवटी बेरीज, त्याचे मूळ या वळणावर आहे. शाळेतल्या बाई ‘पायऱ्या दाखवा, पायऱ्यांना गुण आहेत’ म्हणतात, ते धूळपाटीवर शक्यच नव्हते. हानांचा कागद आणि गुप्तकाळातली स्थानपद्धती यांचे लग्न इथे लागले, दोन्ही साम्राज्ये संपून कित्येक शतके लोटल्यावर.

याच पुस्तकात उक्लिदिसी १९ ला पाच वेळा निम्मे करतो आणि उत्तर ०.५९३७५ असे, एककाच्या जागेवर छोटी खूण करून, लिहितो. दशांश अपूर्णांकांच्या माहीत असलेल्या सर्वांत जुन्या वापरांपैकी हा एक. एककापासून डावीकडे दहापट वाढत जायचे, तर उजवीकडे दहावा हिस्सा करत का जाऊ नये, हा विचार पायऱ्या लिहीत बसलेल्या माणसाला सुचला, हे मला फार साहजिक वाटते.

पुढचा भाग सगळ्यांना साधारण माहीत आहे. पिसाचा फिबोनाची अल्जीरियातल्या बंदरात बापाबरोबर राहून हे आकडे शिकला आणि १२०२ मध्ये त्याने ते इटलीच्या व्यापाऱ्यांना समजावले. संस्कृत ‘शून्य’चे अरबीत ‘सिफ्र’ झाले होते, लॅटिनमध्ये ‘झेफिरम’ आणि त्यातून ‘झीरो’. विरोधही झाला. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफ संघाने वहीखात्यांत हे आकडे वापरायला बंदी केली, रक्कम अक्षरांत किंवा रोमन अंकांत लिहा म्हणाले. आकड्यांत फेरफार करणे सोपे पडते, ही भीती त्यामागे होती असे मानतात. चेकवर ‘अक्षरी रुपये’ लिहून पुढे ‘फक्त’ लावताना आपण त्याच भीतीचा बंदोबस्त करत असतो.

पुन्हा जुन्नर

भारतात या दोन्ही वस्तू एकमेकींना भेटायला आणखी थोडा वेळ लागला. महाराष्ट्रात गणिताची परंपरा जोरात होती. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला एक शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, यादवांच्या मांडलिकांनी त्याला देणगी दिली, असे त्यात लिहिले आहे. तो लेखही दगडावरच आहे.

पुढच्या शतकात महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. त्या लोंढ्याबरोबर कागद करणारे कारागीर आले आणि किल्ल्याजवळ वसले, अशी कागजीपुऱ्याची परंपरा सांगते. ‘कागद’ हा शब्द आपल्याला फारसीतून मिळाला, सोग्दी व्यापाऱ्यांच्या भाषेतही तो जवळपास असाच आहे. दख्खनच्या दप्तरांत दौलताबादी कागद चालू लागला. दुसरा नावाजलेला कागद होता जुन्नरी.

जुन्नरचे कागदी चिंध्या आणि जुने ताग भिजवून कुटत, हौदात लगदा कालवून त्यातून पातळ थर उचलत, तो सुकवून घोटत. मराठेशाहीच्या मोडी कागदपत्रांत हा जुन्नरी कागद ठिकठिकाणी आहे. पुण्याच्या दप्तरखान्यात ते कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत: गावांचे वसूल, घोड्यांच्या वैरणीचे खर्च, देवस्थानांच्या नेमणुका. पानावर जमा-खर्चाची मांडणी, ओळीखाली ओळ, मधल्या पायऱ्या सगळ्या शाबूत, कोणी आजही बेरीज करून ताडून पाहावी. आणि त्या ओळींत उतरत गेलेल्या आकड्यांचे पूर्वज जुन्नरहून तीस किलोमीटरवर घाटाच्या तोंडाशी, राणी नागनिकेच्या गाई-घोडे मोजत, कातळात तसेच आहेत.